लखनौच्या गच्चीवर राहिलेलं बोलणं

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल झाला. सगळे म्हणाले, तुम्हाला आवडला असता. मला तसं वाटत नाही. तुमच्या खात्यातल्या एका निवृत्त साहेबांच्या हातात माइक आला आणि ते तुमच्याबद्दल बराच वेळ बोलले. त्यातलं निम्मं त्यांच्या स्वतःच्या बदल्यांबद्दल होतं. तुम्ही असतात तर माझ्याकडे न बघता मनगटावरचं घड्याळ हळूच माझ्या बाजूला फिरवलं असतंत. भन्तेजी मात्र छान बोलले. थोडकं आणि सावकाश. त्रिशरण-पंचशील म्हणताना मी कुठे अडखळले नाही, हेही सांगायला हवं. लग्नानंतर तुम्ही शिकवायला निघालात तेव्हा मी म्हटलं होतं, या वयात मी पाठांतर करणार नाही, ऐकून ऐकून येईल तेव्हा येईल. ते आलं. ऐकायला तुम्ही नव्हतात.

पण कार्यक्रमाची हकिगत सांगायला मी लिहायला बसलेले नाही. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रज्ञाने स्वयंपाकघरात मला एक गोष्ट विचारली. मी तिला जे उत्तर दिलं ते खरं नव्हतं. तुमच्या मुलीशी मी आजवर खोटं बोलले नव्हते, म्हणून हे तुम्हाला सांगणं भाग आहे. आणि ते सांगायचं तर लखनौपासून सांगावं लागेल.

लखनौच्याही थोडं आधीपासून. तुम्ही पहिल्यांदा इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात आलात ते सुनंदाताईंनी नेलेलं पुस्तक परत करायला. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी रविवारी तिथे बसत असे. तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे माझ्या पत्नीच्या नावावर आहे. त्या आता नाहीत." मी काही बोलायच्या आत तुम्ही ते पुन्हा उचललंत. "त्यांनी इथपर्यंत वाचलं होतं," म्हणून दुमडलेला कोपरा दाखवलात. "पुढचं मी वाचून दिलं तर चालेल का?" कोपरे दुमडणाऱ्या माणसांचा मला फार राग. पण त्या दिवशी मी म्हटलं, चालेल. पुढे तुम्हीही कोपरे दुमडता हे कळलं, आणि त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुमच्या उशाशी असलेल्या शेवटच्या पुस्तकापर्यंत चाललं. त्यातही कोपरा दुमडलेला आहे. मी तो सरळ केलेला नाही.

सुनंदाताईंचा मी कधी मत्सर केला नाही. हे मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुमचा विश्वासही होता. पण नोएडाच्या या घरात मी आले तेव्हा सगळं आधीच झालेलं होतं. पडदे निवडून झाले होते, कपाटातले कप्पे ठरले होते, शेजारच्या शर्मा आंटी माझ्याकडे बघून "भाभी जी यहाँ तुलसी रखती थीं" असं सांगत होत्या. आपण कुठेही गेलो, लोधी गार्डनला, हुमायूनच्या मकबऱ्याला, तरी तुमच्या तोंडून सहज निघे, "इथे प्रज्ञा पडली होती," "इथे सुनंदाने डबा उघडला होता." त्यात चूक काहीच नव्हती. माणूस इतकी वर्षं एका शहरात राहिला की असंच होणार. मी इतकंच म्हटलं होतं, की लग्नानंतर दोन दिवस कुठे तरी जाऊ, पण अशा गावी, जिथे तुम्हीही पहिल्यांदाच याल. मला एवढं एकच गाव द्या.

तेव्हाचं आपलं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"आग्रा?" मी विचारलं.

"एलटीसी."

"जयपूर?"

"एलटीसी. प्रज्ञा तिसरीत होती."

"ग्वाल्हेर? खजुराहो? सांची?"

"सांचीला तर दोनदा. नीला, सरकारी नोकराला विचारतेस? सरकार भाडं देत होतं, आम्ही जात होतो. या देशात असा किल्ला नाही ज्याच्यासमोर माझा मफलर घातलेला फोटो नाही."

मी हसत हसत रुसले. मग दोन-तीन दिवसांनी, सकाळी चहा गाळताना, तुम्ही पाठमोरे राहूनच म्हणालात, "लखनौ. लखनौ नाही पाहिलं मी."

मी किती खूश झाले होते! ग्रंथालयातून लखनौवरची पुस्तकं आणली, नवाबांच्या वंशावळी वाचल्या. तुम्ही गाडीची तिकिटं काढलीत. साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेली दोन माणसं मधुचंद्राला निघाली होती, आणि माझ्या पुण्याच्या भावाला, ज्याला हे लग्नच पसंत नव्हतं, आपण सांगितलं की तुमच्या पेन्शनच्या कामासाठी जातोय.

हॉटेलातला तो प्रसंग तुम्ही पुढे ज्याला त्याला सांगत सुटलात. लग्नाआधी सगळी वर्षं तुम्ही मला "नीलाताई" म्हणत होता. नेमकं काउंटरवर, ओळखपत्रं मागितल्यावर, तुमच्या तोंडून निघालं, "नीलाताई, आधार कार्ड द्या." तिकडे ताई म्हणजे थोरली काकू. तो मॅनेजर अदबीने म्हणाला, "ताई जी का कमरा अलग लगेगा न, सर? नीचे वाला दे दूँ, सीढ़ी नहीं चढ़नी पड़ेगी." मी शरमेने मागे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "नहीं भाई, ताई जी मेरे साथ ही रहेंगी." मग खुलासा करता करता तुमची पुरेवाट झाली. वर जाताना मी म्हटलं, "आता मला तुमचं नाव बदलून घ्यावंसं वाटतंय." तुम्ही म्हणालात, "घे. पुतण्या ठेव."

दुसऱ्या दिवशी बडा इमामबाडा. दिवाणखान्यावरच्या त्या भूलभुलैयात मला जायचंच होतं. मी त्याबद्दल इतकं वाचलं होतं, की भिंतींची जाडी तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवत होते. तुम्ही गप्प होता. दारावरच्या माणसाने अडवलं.

"गाइड लेना पड़ेगा, अंकल. जोड़े को अकेले नहीं जाने देते."

"क्यों भाई?"

"अंदर अँधेरा रहता है. लड़का-लड़की लोग..." एवढं बोलून त्याने आपल्या दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि थांबला.

"बिल्कुल सही करते हैं आप," तुम्ही म्हणालात. "हमारी शादी को अभी महीना भी नहीं हुआ. सबसे ज़्यादा ख़तरा तो हम ही से है."

तो माणूस, शेजारचा चप्पलवाला, रांगेतल्या दोन मुली, सगळे हसले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मग गाइड ठरला, पान खाणारा, किरकोळ अंगाचा, फार गोड बोलणारा. तो पुढे, आपण मागे. आधी त्याने त्या उंचावरच्या सज्जात नेलं, जिथून खालचा प्रचंड दिवाणखाना दिसतो. म्हणाला, तुम्ही इथेच उभे राहा, मी पलीकडे जातो. कशासाठी ते सांगितलं नाही. तो समोरच्या टोकाला पोचायचा होता, आणि मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही आधीच भिंतीशी सरकून कान लावला होता. मग पलीकडे त्याने काडी ओढली आणि तो आवाज आपल्याला कानाशी ओढल्यासारखा ऐकू आला.

मी पुस्तकात वाचलं होतं म्हणून मला माहीत होतं. तुम्ही तर एकही पुस्तक उघडलं नव्हतंत. म्हणजे तुम्ही इथे येऊन गेला होता.

तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. फार मोठं दुःख नव्हतं ते. एखाद्याने आपल्याला नवीन म्हणून दिलेल्या साडीची घडी मोडलेली निघावी, तसं. मी मनात म्हटलं, मागून घेतलं ना? मागून घेतलं की असंच होतं.

सज्जातून पुढे तो खरा भूलभुलैया. खांदे घासतील अशा गल्ल्या, मध्येच दोन पायऱ्या वर, मध्येच चार खाली, आणि काळोख. तुम्ही माझा हात धरलात. मी सोडवून घ्यायला बघितलं, कारण मला राग आला होता. पण तुम्ही इतका घट्ट धरला होता, की सोडवायचा तर झटापट करावी लागली असती, आणि गाइडसमोर ते बरं दिसलं नसतं. तुमचा तळवा ओला होता. मला वाटलं, चोरी पकडली जाईल म्हणून. गाइड म्हणाला, "अब आप रास्ता निकालिए, साहब." तुम्ही म्हणालात, "नहीं, आप ही निकालिए. जल्दी." तोही मला खोटेपणाच वाटला. रस्ता माहीत असून न दाखवण्याचा.

आणि मग एकदम गच्ची. एवढं आकाश, समोर मशिदीचे मनोरे, पलीकडे रूमी दरवाजा, घिरट्या घालणारी कबुतरं. तुम्ही कठड्यापाशी गेलात, दोन्ही हात त्यावर टेकलेत आणि मोठमोठ्याने हसायला लागलात. मी तुम्हाला तसं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. म्हणालात, "वा! इथपर्यंत आलो बघ." मग माझ्याकडे वळलात.

"नीला, तुला एक सांगायचं होतं. लखनौचं म्हणजे... तसं आधीचंच. बरंच मागचं आहे."

मी म्हटलं, "नका सांगू. मला माहीत आहे."

"माहीत आहे?" तुम्ही थक्क झालात. "कधी कळलं?"

"मघाशी. आतच."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलून काय करायचं? असू दे. होतं असं."

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालात, "असं न बोलता समजून घेणारं माणूस मला या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं." मला मनातून थोडं चिडल्यासारखंच झालं. म्हटलं, एवढ्या स्वस्तात सुटले हे! पण उन्हात तुमचा चेहरा इतका मोकळा, इतका तरुण दिसत होता, की माझा राग फार वेळ टिकला नाही. संध्याकाळी हजरतगंजमधून चालताना तो उरलाही नाही. तुम्ही मला पांढरी चिकनची साडी घेतलीत. काल तीच नेसले होते.

लखनौहून आल्यावर आपलं बरं चाललं, नाही? मला नेमका कशाने बदल झाला ते सांगता आलं नसतं, पण तुम्ही सैलावलात. आधी मी या इमारतीच्या लिफ्टवरून तुमच्या मागे लागत असे. गुडघे दुखतात, चौथा मजला आहे, मग जिना का? तुम्ही म्हणायचात, व्यायाम. लखनौनंतर डॉक्टरांनी माझी साखर थोडी वर गेली म्हणून सांगितलं, जिने चढा म्हणाले. मी निमूटपणे तुमच्याबरोबर चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आपण दम घ्यायला थांबायचो. तिथे एकदा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "तू कधी बोलून दाखवत नाहीस. केवढं बरं वाटतं मला." मला वाटलं, मी लिफ्टवरून टोकणं सोडलं म्हणून म्हणता. मी म्हटलं, "त्यात काय बोलायचं? जिना काय, माझ्याही भल्याचाच आहे." तुम्ही इतके प्रसन्न हसलात! न्हाणीघराच्या दाराला तुम्ही कडी लावत नव्हता. मेट्रोत दाराशीच उभे राहायचात, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की माझं मनगट धरायचात. मी पिशवीतलं पुस्तक एका हाताने वाचायला शिकले.

हे सगळं मी पाहत होते. बघा, माझं सगळं आयुष्य पुस्तकं त्या त्या जागी लावण्यात गेलं, आणि माझ्याच घरातल्या या गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवता आल्या नाहीत.

मग तुमचं डोकं दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी ते मशीनमधलं स्कॅन सांगितलं. तुम्ही ते दोनदा पुढे ढकललंत. "पुढच्या आठवड्यात बघू यार," असं म्हणालात. तुम्ही यार म्हणालात की काही तरी टाळताय, एवढं मला कळत होतं. मीच दिवस ठरवला. प्रज्ञा कंपनीच्या कामाने बंगळुरूला होती. आपण दोघं गेलो. बाहेरच्या खोलीत एक मुलगी प्रश्न विचारत होती. अंगठी काढली का, शरीरात काही धातू आहे का. मग तिने विचारलं, "बंद जगह में घबराहट तो नहीं होती?"

"बिल्कुल नहीं," तुम्ही म्हणालात. आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावलात.

मीही हसले. तुम्ही डोळा मिचकावलात म्हणून हसले. दुसरं काही कारण नव्हतं.

आत जाताना तुम्ही दारात थांबून विचारलंत, "तू इथेच आहेस ना?"

"इथेच आहे. जा."

तुम्ही गेलात आणि मी पुस्तक उघडलं. आतून त्या मशीनचे ठोके येत होते. मी वाचत होते. प्रकरण चांगलं रंगलं होतं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "इतक्या एसीत घाम?" तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसलात. म्हणालात, "झालं. पार पडलं. तू होतीस म्हणून."

"मी काय केलं? मी तर वाचत बसले होते."

"तेच तर," तुम्ही म्हणालात.

त्यानंतरचे दिवस मी इथे लिहिणार नाही. ते फार नव्हतेही.

तर काल संध्याकाळी. खुर्च्यावाला खुर्च्या घेऊन गेला, शर्मा आंटींनी दिलेली भांडी परत करायची म्हणून प्रज्ञा ती घासत होती, मी पुसत होते. आम्ही दोघी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. उरलेल्या खिरीचं काय करायचं ते बोलत होतो. ती एकदम म्हणाली, "मावशी, थँक्स."

"कशाबद्दल गं?"

"स्कॅनच्या दिवशी मी नव्हते ना. मला रात्रभर झोप नाही. मी बाबांना फोन केला, म्हटलं, मी फ्लाइट घेऊन येते, तुम्ही एकटे त्या मशीनमध्ये जाऊ नका. तर म्हणाले, अच्छा, मग नीला कशाला आहे? तिला माहीत आहे. तू काळजी करू नको."

मी पातेलं पुसत राहिले. "काय माहीत आहे?" हे मी विचारलं नाही, फक्त मनात आलं. तिला ते विचारावं लागलंच नाही. ती आपणहून बोलत गेली. तुम्ही गेल्यापासून ती असंच बोलते, एकदा सुरू झाली की नळ सोडल्यासारखी.

"माझ्या तर डोळ्यांसमोर लखनौच आलं. मी चौथीत होते. एलटीसीवर गेलो होतो आम्ही. त्या भूलभुलैयात बाबा मध्येच खाली बसले. पायरीवर. उठेचनात. श्वास लागला, बोलता येईना. मला वाटलं बाबा मेले. आईने त्यांचं डोकं पदराखाली घेतलं आणि तो गाइड दोघांना उलट्या वाटेने खाली घेऊन आला. गच्ची राहिलीच आमची. त्यानंतर आमच्या घरात लखनौचं नाव काढायचं नाही असंच होतं. म्हणून तुम्ही दोघं तिथे जाऊन आलात, वर गच्चीवरचा फोटो पाठवलात, तेव्हा मी ऑफिसमध्ये रडले माहितेय? मी बाबांना विचारलं, कसे गेलात? म्हणाले, तिचा हात धरून गेलो."

मी पातेलं खाली ठेवलं.

"तुम्हाला त्यांनी सगळं सांगितलं ना?" प्रज्ञा म्हणाली. तिने नळ बंद केला होता आणि ती माझ्याकडे वळली होती. "गावचं? लहानपणी कुणी तरी धान्याच्या कोठीत कोंडलं होतं म्हणे. दोन दिवस की काय. कुणी, कशासाठी, ते आईला पण कधी पूर्ण सांगितलं नाही. आई म्हणायची, विचारू नको, त्यांना त्रास होतो. तुम्हाला सांगितलं ना?"

तिचे हात साबणाने भरलेले होते. नाक लाल झालं होतं. तुमचंच नाक. ती माझ्या उत्तराची अशी वाट बघत होती, जसं काही तिच्या वडिलांना अजून त्या कोठीतून बाहेर काढता येणार होतं.

मी म्हटलं, "हो. माहीत आहे मला."

"सगळं?"

"हो."

तिने डोळे मिटून घेतले. "बरं झालं," म्हणाली. "कुणाला तरी सांगितलं. मला आत्ता नका सांगू, ऐकवणार नाही. कधी तरी सांगा. पुढच्या वर्षी वगैरे." आणि मग साबणाच्या हातांनीच तिने मला मिठी मारली. चिकनच्या साडीवर पाठीकडून डाग पडले आहेत, ते निघतील.

प्रज्ञा आज सकाळी गुडगावला परत गेली. आता घरात मी आहे आणि तुम्हाला मी खरं सांगते. मला माहीत नव्हतं. गच्चीवर मी "माहीत आहे" म्हणाले ते सुनंदाताईंबद्दल. तुम्ही त्यांच्याबरोबर इथे आधी आला होता, एवढंच मला कळलं होतं. तुम्ही मला न पाहिलेलं गाव देतो म्हणून पाहिलेलं दिलंत, एवढाच माझा रुसवा होता. तुम्ही काय दिलंत ते मला काल समजलं. ज्या जागेचं नाव घरात काढत नव्हतात, तिथे तुम्ही मला मधुचंद्राला नेलंत. आणि ती गच्ची तर तुम्हीही पहिल्यांदाच पाहत होता. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी ते हातात घेऊन चिडून उभी होते.

एक विचार मला सकाळपासून बरा वाटतो आणि पुन्हा वाईट वाटतो. तुम्ही शेवटपर्यंत या समजुतीत राहिलात, की तुमची भीती कुणाला तरी माहीत आहे आणि त्या माणसाने ती सहज घेतली आहे. जिन्यावर, मेट्रोत, त्या मशीनमध्ये, मी शांत होते ती तुमच्यासाठी, असं तुम्ही धरलंत. मी शांत होते, कारण मला काहीच कळलं नव्हतं. तरी त्याचा तुम्हाला उपयोग झाला. मी दाराशी उभी राहून तुमच्या नावाने हाका मारत असते तर कदाचित तुम्ही अर्ध्यातूनच बाहेर आला असतात. असं मी स्वतःला समजावते. मग वाटतं, नाही, मला कळलं असतं तर मी आत आले असते. त्या मुलीला सांगून, अंगावरचं सगळं काढून ठेवून, तुमचा पाय धरून उभी राहिले असते. तसं करू देतात म्हणे. मी विचारलंच नाही, कारण कशासाठी विचारायचं तेच मला ठाऊक नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते गच्चीचं. तुम्ही कुणालाच न सांगितलेलं ते मला सांगायला निघाला होता. सुनंदाताईंना नाही, मुलीला नाही, मला. कोण होते ते लोक, कशासाठी कोंडलं त्यांनी एवढ्याशा पोराला, काय मागितलं होतंत तुम्ही, पाणी की अक्षर, कोणी दार उघडलं शेवटी. आपल्याकडे गावागावांत काय काय घडलं ते मी पुष्कळ वाचलं आहे. पण तुमच्या बाबतीत ते मी वाचलेल्यावरून ठरवणार नाही. मघाशी एकदा तसं मनात रचायला लागले, आणि थांबवलं. ते तुमचं आहे.

पण प्रज्ञा कधी तरी विचारेल. पुढच्या वर्षी, नाही तर तिला स्वतःला मूल झाल्यावर. मी हो म्हणून बसले आहे.

इथे बाल्कनीत ऊन आलं आहे. तुमची खुर्ची मी आत नेलेली नाही. दार उघडं आहे, घाई काही नाही. तुम्ही म्हणाला होता, तुला एक सांगायचं होतं, बरंच मागचं आहे.

सांगा. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.